शुक्रवारचे अडीच तास

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, की मांजरसुंब्याच्या आधी आमचं पाली लागतं. बिंदुसरेचं धरण आमच्या शेजारी. या गावात रस्त्याकडेच्या हॉटेलात सकाळी चहाला माणसं जमतात आणि निवडणूक जवळ आली, की हिशोब सुरू होतो. कोणत्या खासदारानं काय दिलं? कुणी सभामंडप मोजतो, कुणी सिमेंटचा रस्ता, तर कुणी चौकातला हायमास्ट दिवा. एकदा अशाच हिशोबात मी विचारलं, "आणि कायदा कोणता मांडला?" सगळे हसले. एक जण म्हणाला, "भाऊसाहेब, कायदे सरकार करतं. खासदारानं फक्त हात वर करायचा."

मी पस्तीस वर्षं तलाठी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. कायद्याचा कागद गावात पोचला, की त्याचं काय होतं, हे मी फार जवळून पाहिलं आहे. पण तो कागद निघतो कुठून, हे मलाही नोकरीत असताना नीट ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर वाचू लागलो, तेव्हा कळलं, की हॉटेलातला तो गृहस्थ अर्धाच बरोबर होता. बहुतेक कायदे सरकार आणतं हे खरं. पण सरकारात नसलेल्या साध्या खासदारालाही स्वतःचं विधेयक मांडता येतं. त्यासाठी संसदेनं दिवस राखून ठेवला आहे शुक्रवार, आणि वेळ दुपारनंतरचे अडीच तास. त्या अडीच तासांविषयी आज बोलणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. याला 'खासगी विधेयक' म्हणतात. खासगी म्हणजे घरगुती नव्हे. जो मंत्री नाही तो प्रत्येक सदस्य 'खासगी सदस्य', मग तो विरोधी बाकांवरचा असो, की सत्ताधारी पक्षाचा. त्याला एखादा कायदा हवासा वाटला, तर तो मसुदा तयार करतो, हेतू लिहितो, आगाऊ नोटीस देतो. शुक्रवारी उभं राहून विधेयक मांडतो. पुढे चर्चेला कोणतं विधेयक आधी घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. ज्याची चिठ्ठी निघाली त्याचं नशीब. चर्चा झाली, की शेवटी मंत्री उठतात, भावनेचं कौतुक करतात, सरकार या विषयाचा विचार करत आहे असं सांगतात आणि विधेयक मागे घेण्याची विनंती करतात. बहुतेक वेळा सदस्य ते मागे घेतो. ज्यांची चिठ्ठीच निघत नाही, त्यांची विधेयकं लोकसभा विसर्जित झाली, की आपोआप रद्द होतात.

हिशोब सांगायचा, तर १९५२ पासून आजवर अशी फक्त १४ विधेयकं दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाली. त्यातलं शेवटचं १९७० साली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ एकही नाही. त्या चौदांमधले काही कायदे आपल्या ओळखीच्या कामांशी जोडलेले आहेत. अनाथालयांवर देखरेख ठेवणारा १९६०चा कायदा कैलाश बिहारी लाल यांच्या खासगी विधेयकातून आला. आमच्या पालीजवळ 'इन्फंट इंडिया' ही एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळणारी संस्था आहे. तिथे जाताना मला हटकून वाटतं, की निराधार मुलांच्या संस्थांवर कायद्याची नजर असावी, ही गोष्ट कुण्या मंत्र्यानं नव्हे, एका साध्या सदस्यानं लावून धरली होती. संसदेतल्या कामकाजाच्या बातम्या देण्याला संरक्षण देणारा १९५६चा कायदाही फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकाचाच.

पण चौदा म्हणजे चौदाच. मग शुक्रवारची ही उठाठेव कशासाठी? वांझ गाईला चारा घालण्यासारखंच नाही का हे? मलाही तसंच वाटायचं. माझं मत बदललं ते आमच्याच घरातल्या एका बाईमुळे.

माझ्या वडिलांची एक चुलती होती. तिला सगळं गाव आक्का म्हणे. आमचे आजोबा धरून तीन भाऊ, आणि जमीन छत्तीस एकर, सगळी कोरडवाहू. धाकट्या भावाची बायको आक्का. १९४५ साली तिचा नवरा साप चावून गेला, तेव्हा तिचं वय विशीच्या आसपास. मूलबाळ नव्हतं. पुढे उरलेल्या दोघा भावांची वाटणी झाली. प्रत्येकाला अठरा एकर. आक्काचा नवरा असता, तर प्रत्येकी बारा झाले असते. त्याच्या वाट्याचे बारा एकर दोघांनी वाटून घेतले. यात कुणी फसवणूक केली नाही. कागद लपवला नाही की अंगठा पळवला नाही. तेव्हाची रीतच तशी होती. एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्र मिळायचं, जमीन नाही. आक्का आयुष्यभर आमच्याच घरी राहिली. वर्षाला दोन लुगडी, दोन वेळची भाकरी आणि घरात सगळ्यात आधी उठण्याचं काम.

तिची एक सख्खी धाकटी बहीण होती, नगर जिल्ह्यात पाथर्डीच्या बाजूला दिलेली. तिचाही नवरा पुढच्याच वर्षी, १९४६ साली गेला. पदरात एक मुलगी. तिचा दीर आमच्या आजोबांपेक्षा कडक होता. जमीन देणार नाही म्हणाला. ती कोर्टात गेली. खटला रेंगाळला, दागिने गेले, पण निकाल तिच्या बाजूनं लागला. नवऱ्याच्या वाट्याचे नऊ एकर तिच्या नावे लागले.

मी नोकरीला लागलो, त्याच सुमाराला ही मावशीआजी एक पिवळा पडलेला निकालाचा कागद घेऊन आमच्याकडे आली होती. "तू तलाठी झालास ना रे, मग वाचून दाखव काय लिहिलंय," म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद तिनं तीस वर्षं ट्रंकेत जपला होता. मी वाचला. त्यात 'सन १९३७चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा' असा उल्लेख होता. आक्का चुलीपुढून ऐकत होती. वाचून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझा नवरा सरहद्दीच्या अलीकडं मेला."

मित्रहो, या एका वाक्यात मोठा इतिहास आहे. पाथर्डी तेव्हा मुंबई प्रांतात, इंग्रजी अमलाखाली. पाली निजामाच्या राज्यात. मध्ये करोडगिरीचा नाका. बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. दिल्लीच्या विधिमंडळानं केलेला कायदा त्या नाक्यापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. आमच्याकडे हैदराबाद राज्यात तो पोचला, तो पोलिस कारवाईनंतर, १९५०च्या दशकात. तोवर आक्काचे बारा एकर वाटून झाले होते. दोघी सख्ख्या बहिणी, सारखंच दुःख. एक मालकीण झाली, दुसरी आश्रित.

हा १९३७चा कायदा कुणी आणला? इंग्रज सरकारनं नाही. हिंदूंच्या घरगुती कायद्यात हात घालायला ते कचरत होतं. तो आणला एका खासगी सदस्यानं, आणि तो मराठी माणूस होता. डॉ. गोपाळराव विनायक देशमुख. मुंबईचे नामवंत शल्यचिकित्सक, मध्यवर्ती विधिमंडळाचे सदस्य. वकील नव्हते, डॉक्टर होते. आजही कायद्याची जुनी पुस्तकं त्याला 'देशमुख कायदा' म्हणतात. पण ज्या बायांना त्यामुळे जमीन मिळाली, त्यांच्यापैकी किती जणींना हे नाव ठाऊक असेल? माझ्या मावशीआजीला तरी ठाऊक नव्हतं.

देशमुखांच्या मूळ विधेयकात मुलींनाही वाटा होता. ते समितीकडे गेलं आणि कापलं गेलं. मुली गेल्या, विधवा राहिली. विधवेलाही पूर्ण मालकी मिळाली नाही. नवऱ्याचा वाटा तिच्या हाती येईल, वाटणी मागता येईल, जन्मभर कसून खाता येईल, पण वाटेल तशी विकता येणार नाही, असा मर्यादित हक्क मिळाला. देशमुखांपुढे प्रश्न होता, एवढंसं घ्यायचं की सगळंच सोडायचं? त्यांनी एवढंसं घेतलं. १४ एप्रिल १९३७ रोजी कायदा अमलात आला.

पुढे आणखी एक अडथळा आला. १९४१ साली फेडरल कोर्टानं मत दिलं, की शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय आहे, म्हणून हा कायदा शेतजमिनीला लागू नाही. आता विचार करा, ज्या देशात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेतच, तिथे शेत वगळून उरलं काय? मग मुंबईसारख्या प्रांतांनी आपापले कायदे करून तो शेतजमिनीला लावला. तेव्हा कुठे तो पाथर्डीच्या शिवारात पोचला.

देशमुख तिथे थांबले नाहीत. १९३८ साली त्यांनी हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारं विधेयक आणलं. ते पार पडलं नाही. १९४६ साली छळ करणाऱ्या, टाकून देणाऱ्या किंवा दुसरी बायको करणाऱ्या नवऱ्यापासून वेगळं राहून पोटगी मागण्याचा हक्क विवाहितेला मिळाला. तेही विधेयक त्यांचंच. म्हणजे दोन मिळाली, एक गेलं.

पण जे गेलं ते खरंच गेलं का? १९३७च्या कायद्यातल्या अडचणी सोडवायच्या म्हणून सरकारला १९४१ साली बी. एन. राव यांची समिती नेमावी लागली. तिच्या कामातून हिंदू कोड बिल उभं राहिलं. ते बिल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री म्हणून पुढे रेटलं आणि ते रखडवलं गेलं, हे १९५१मधल्या त्यांच्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं. त्याच बिलाचे तुकडे होऊन १९५५ आणि १९५६ साली कायदे झाले. घटस्फोट १९५५च्या विवाह कायद्यात आला. १९५६च्या वारसा कायद्यानं बाईच्या ताब्यातल्या मालमत्तेवरची मर्यादित मालकी पूर्ण केली. मावशीआजी तेव्हा नऊ एकरांची खरीखुरी मालकीण झाली. पुढे तिनं ते बक्षीसपत्रानं मुलीला दिले. देशमुखांच्या विधेयकातून ज्या मुली कापल्या गेल्या होत्या, त्यांना महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. पहिल्या मागणीपासून साठ-सत्तर वर्षांनी.

आमच्याकडे म्हणतात, आंबा लावणारा वेगळा आणि खाणारा वेगळा. खासगी विधेयकाचं तसंच असतं. दुसरंही उदाहरण आपल्याच मातीतलं. नामदार गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. वर्षभरानं ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. सरकार विरोधात होतंच, आपलेही काही लोक विरोधात होते. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. जवळजवळ शंभर वर्षांनी. आणि बॅरिस्टर नाथ पै? गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली सांगितलं, की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. राजापूरच्या या खासदारानं तेव्हा तो अधिकार संसदेला परत देणारं विधेयक आणलं. 'नाथ पै विधेयक' म्हणून देशभर त्यावर वाद झाला. ते मंजूर होण्याआधीच लोकसभा विसर्जित झाली आणि जानेवारी १९७१मध्ये नाथ पैही गेले. पण त्याच वर्षी सरकारनं चोविसावी घटनादुरुस्ती केली, ती याच गोष्टीसाठी. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटावं असं नाही. पण एका विरोधी खासदारानं साऱ्या देशाला त्या प्रश्नावर बोलायला लावलं, हे कुणाला नाकारता येणार नाही.

आता मी पुन्हा माझ्या सज्जात येतो, कारण ही गोष्ट जुनी आणि संपलेली नाही.

कायद्यानं हक्क दिला, की सातबाऱ्यावर नाव लागतं, असं दिल्लीत वाटत असेल. तलाठ्याला तसं वाटत नाही. माणूस गेला, की वारसांची नोंद होते. बायको, मुलं, मुली, सगळ्यांची नावं येतात. मग काही दिवसांनी हक्कसोडपत्र येतं. बहिणींनी राजीखुशीनं भावांच्या नावे हक्क सोडला. मी विचारायचो, "बाई, वाचलंय का? कळतंय का?" ती म्हणायची, "माहेर तुटू नये भाऊसाहेब." साडीचोळी आणि दिवाळीचं येणंजाणं, एवढ्यावर एकेक एकर सुटताना मी पाहिलं आहे. नोंद करणं माझं काम होतं, ती मी केली. नियमात काही खोट नसायची. आक्काच्या वेळीही नव्हती.

याहून अवघड गोष्ट शेतकऱ्याच्या बायकोची. नवरा जिवंत असेपर्यंत सातबारा त्याच्या नावे. खुरपणी तिची, कापूस वेचणी तिची, जनावरं तिची. दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं, तर जोडीनं तीही. पण सरकारदरबारी शेतकरी कोण? ज्याचं नाव सातबाऱ्यावर तो. पीककर्ज त्याला, विमा त्याला, अनुदान त्याच्या खात्यात. उद्या त्यानं कर्जापायी जीव दिला, तर ती शेतकऱ्याची विधवा ठरते, शेतकरी ठरत नाही. बीड जिल्ह्यात हे मी सांगायला नको. माझ्या कार्यालयाच्या पायरीवर अशा बाया बसून असायच्या. कर्ज नवऱ्याचं आणि नाव सासऱ्याचं. बाई कसते चार वर्षं, पण कागदावर ती कुणीच नाही.

हा प्रश्न दिल्लीत कुणी मांडला? डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी. हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. २००७ ते २०१३ ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. विदर्भात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांमध्ये त्यांच्या संस्थेनं काम केलं होतं. जमिनीवर नाव नाही म्हणून या बायकांना कर्ज मिळत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. ११ मे २०१२ रोजी त्यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं. दिवस अर्थातच शुक्रवार. त्यातली एक तरतूद तलाठी म्हणून मला फार मोलाची वाटते. जी बाई शेतात राबते ती शेतकरी, मग जमीन तिच्या नावे असो वा नसो. ग्रामसभेनं मान्यता द्यायची आणि ग्रामपंचायतीनं तिला महिला शेतकरी असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. त्या प्रमाणपत्रावर तिला कर्ज, पाणी, बियाणं, योजना मिळाव्यात. सातबाऱ्याचं भांडण चालू राहील तोवर तिचं पोट थांबत नाही, हे ज्याला कळलं, त्यानं लिहिलेलं हे कलम आहे.

एप्रिल २०१३मध्ये स्वामिनाथन यांची मुदत संपली. विधेयक रद्द झालं. पायरीवरच्या बायांना ते आलं कधी आणि गेलं कधी, कळलंही नाही.

पुढे हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी ३ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेत दोन विधेयकं मांडली. एक शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचं, दुसरं हमीभावाच्या हक्काचं. त्यांचे मसुदे शेतकरी संघटनांनी मिळून तयार केले होते. त्याआधी नोव्हेंबर २०१७मध्ये दिल्लीत शेतकऱ्यांची संसद भरली होती, आणि शेतकरी बायकांचीही वेगळी संसद भरली होती. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका तिथे बोलल्या. विधेयकातले तपशील परवडणारे होते की नाही, यावर दोन मतं असू शकतात. मला त्यातलं एक आवडलं. मसुदा आधी लोकांत फिरला आणि मग संसदेत गेला. २०१९ साली लोकसभेची मुदत संपली आणि तीही विधेयकं गेली.

काही जण म्हणतील, अहो, बरीचशी खासगी विधेयकं नुसती नावापुरती असतात. अमक्यानं इतकी विधेयकं मांडली, असं पुढच्या निवडणुकीत छापायला. यात तथ्य आहे. शुक्रवारी दुपारी बरेच खासदार मतदारसंघाची गाडी किंवा विमान पकडायला निघालेले असतात. सभागृहात दहावा हिस्सा सदस्य हजर लागतात, लोकसभेत पंचावन्न. कधी कधी तेवढेही नसतात, आणि घंटा वाजवून वाजवून कामकाज थांबवावं लागतं. पण यात दोष एकट्या खासदाराचा आहे का? तो शुक्रवारी घाईनं गावाकडे का येतो? कारण शनिवारी आपल्याकडे लग्न असतं, मयतीला भेट द्यायची असते, सभामंडपाचं उद्घाटन असतं. लग्नाला आला नाही तर आपण वर्षभर बोलतो. शुक्रवारी संसदेत बसला नाही, तर आपल्यापैकी कुणी कधी विचारलं आहे? सभामंडप दिसतो. विधेयक दिसत नाही.

मी सभामंडपाच्या विरुद्ध नाही. खासदार निधी १९९३पासून आहे आणि त्यातून झालेल्या रस्त्यानं मीही जातो. पण रस्ता जिल्हा परिषदही करू शकते. मंत्री नसलेला माणूस कायद्याचा मसुदा घेऊन उभा राहतो, हे काम फक्त खासदारच करू शकतो. आणि त्याला खर्चही फारसा येत नाही. लागते ती माहिती, चिकाटी आणि पडण्याची तयारी.

स्वामिनाथन आज नाहीत, २०२३ साली ते गेले. पण रद्द झालेलं विधेयक पुन्हा मांडायला कुणाची मनाई नसते. कोणत्याही पक्षाचा, कोणताही खासदार तो मसुदा हाती घेऊन, हवा तर दुरुस्त करून, पुढच्या एखाद्या शुक्रवारी उभा राहू शकतो. बीडचा राहिला तर मला जास्त आनंद होईल, कारण कोयता उचलणाऱ्या आणि शेत कसणाऱ्या बायका इथे घरोघरी आहेत. मंजूर नाही झालं, तरी मंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागेल. ते उत्तर छापलं जाईल, आणि पुढच्याला तिथून सुरुवात करता येईल. देशमुखांच्या कापलेल्या मुलींना असंच कुणीतरी पुढे नेलं.

म्हणून माझी एक विनंती आहे. कोणत्या खासदारानं कोणतं विधेयक मांडलं, हे संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. ज्यांच्या हाती मोबाइल आहे, त्या पोरांनी ते पाहावं आणि पारावर वाचून दाखवावं. साहेब गावात आले, की हार घाला, चहा द्या, दिवाही मागा. पण सोबत विचारा, "साहेब, शुक्रवारी काय मांडलंत?" एका गावानं विचारलं तर ते हसतील. दहा गावांनी विचारलं, तर मसुदा करायला बसतील.

शेवटी घरचं सांगतो, कारण दुसऱ्याला सांगायचं आणि आपलं झाकायचं हे बरं नव्हे. आजोबांचे अठरा एकर वडिलांकडे आले आणि वडिलांचे आम्हा दोघा भावांकडे. माझ्या नावे नऊ एकर होते. हिशोब केला, तर त्यातले तीन आक्काचे. ती १९८४ साली गेली. तेव्हा मी तलाठी होतो, कायदा वाचला होता, आणि तरीही तिच्यासाठी काही केलं नाही. करण्यासारखं काही आहे असं मनातच आलं नाही. पुढे शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली. बायकोच्या नावे जमीन करा, असं शरद जोशी गावोगाव सांगत होते. तेव्हा मी माझ्या पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावलं. अर्ज मी लिहिला, नोंद दुसऱ्या तलाठ्यानं घेतली. नोटीस चावडीवर लागली, मुदतीत कुणाची हरकत आली नाही, आणि फेरफार मंजूर झाला.

त्या दिवशी पत्नीनं उतारा हातात घेतला आणि विचारलं, "यात आक्काचं कुठलं?" मी तिला बांधावर नेऊन दाखवलं. वरच्या अंगाचं, चिंचेच्या झाडापासून ओढ्यापर्यंतचं. तिथे ती आता तूर लावते.